तीन नंबरचा बिल्ला

१

फळीवर पाचच्या पाच बिल्ले टांगलेले होते, आणि तरीही घड्याळवाले आजोबा रात्रभर बाहेर राहिले होते.

सकाळी ते ताईंना सापडले. डोंगरावरच्या निवाऱ्याच्या खाली दोनशे पावलांवर सामान वर ओढणाऱ्या रोपवेची पत्र्याची शेड होती. रॉकेलचे डबे आलेत का बघायला ताई तिथे गेल्या, तर रिकाम्या पोत्यांच्या ढिगातून एक म्हातारा हात बाहेर आलेला. ताईंचा पहिला विचार वाईटच होता. मग हाताची बोटं हलली.

सगळ्यांनी मिळून आजोबांना उचलून आणलं आणि शेगडीजवळ निजवलं. उजव्या पायाची तीन बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडली होती. पाहुण्यांतला एक जण दातांचा डॉक्टर होता. तो पाय कोमट पाण्यात धरून बसला.

"एरवी मी मानेच्या खाली उतरत नाही," तो म्हणाला. हसलं कोणीच नाही, तोही नाही.

ताई मात्र फळीसमोर उभ्या होत्या. गेली अकरा वर्षं हा निवारा त्याच सांभाळत होत्या, आणि तिथला सगळ्यात मोठा नियम होता बिल्ल्यांचा. प्रत्येक पलंगाला एक नंबर, प्रत्येक नंबराला एक पितळी बिल्ला. बाहेर जाणाऱ्यानं आपला बिल्ला खिशात टाकून जायचं, परत आल्यावर खिळ्याला टांगायचं. साडेसहाला ताई फळी बघत. खिळा रिकामा असेल तर खांबावरचा दिवा जळत राही आणि ताई शिट्टी घेऊन शोधायला निघत. सगळे बिल्ले जागेवर असतील तर बॅटरी वाचवायला दिवा बंद, आणि वाऱ्यानं दार उखडू नये म्हणून आतून अडसर.

"चहानंतर तीन नंबरचा खिळा रिकामा होता. मी डोळ्यांनी पाहिलाय," ताई म्हणाल्या. "साडेसहाला बिल्ला जागेवर होता. मला वाटलं आजोबा आले आणि झोपले. त्यांनीच सांगितलं होतं, डोकं दुखतंय, जेवायला उठवू नका म्हणून."

म्हणजे बिल्ला परत आला होता. आजोबांशिवाय.

२

वायरलेसवरचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. खालच्या गावातून, हा निवारा चालवणाऱ्या संस्थेचे सचिव बोलत होते.

"बिल्ला काय पाय फुटून आला? तुम्ही फळी बघितलीच नसणार. स्ट्रेचर घेऊन आम्ही दुपारपर्यंत पोचतो. किल्ल्या तयार ठेवा ताई. तुमचं सामानही."

ताईंनी वायरलेस बंद केला आणि उगाचच पुसलेली शेगडी पुन्हा पुसायला घेतली. नवरा गेल्यावर खालचं घर दिरांनी घेतलं होतं. ताईंना घर म्हणावं असं आता हेच एक छप्पर.

"दुपारपर्यंत वेळ आहे ना? मग बघूया," बाई म्हणाल्या.

बाई म्हणजे त्रेसष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका. नोकरीतली सतरा वर्षं त्या परीक्षेच्या भरारी पथकात होत्या. बुटात, वेणीत, पाण्याच्या बाटलीच्या लेबलामागे, कुठे म्हणून त्यांनी चिठ्ठ्या पकडल्या नव्हत्या! त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कॉपी करणारा पोरगा नजर चुकवत नाही, तो सारखा तुमच्याकडेच बघत असतो. पहाड चढणं हा त्यांचा दुसरा नाद, आणि या खेपेला त्या सुनेला बरोबर घेऊन आल्या होत्या.

सुनेचं बाळ नऊ महिन्यांचं होतं. वरचं खायला लागलं होतं तरी रात्री अंगावर पीतच होतं. नऊ महिन्यांत सून सलग चार तास झोपली नव्हती. आरशासमोर उभी राहून रडताना बाईंनी तिला एकदा पाहिलं, आणि मुलाला फर्मान सोडलं, "दोन दिवस पोर तू सांभाळ. हिला मी वर नेते."

हेतू चांगला होता. जीभ मात्र बाईंचीच होती. काल चहाच्या वेळी सुनेनं फोन बाहेर काढला, तशा त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ठेव तो आत. एक दिवस दम निघत नाही? आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? आपल्याला करमत नाही म्हणून लेकराला फोनवर रडवायचं, याला माया म्हणत नाहीत सूनबाई, याला चाळा म्हणतात."

दातांचा डॉक्टर फिस्सकन हसला होता. सुनेनं फोन ठेवला होता आणि कपातला उरलेला पाणचट चहा संपवला होता.

आज सकाळी तिचे डोळे सुजलेले होते, आणि तिचा राखाडी स्वेटर शेगडीवरच्या दोरीला वाळत होता. उंचीवर पहिल्या रात्री बऱ्याच जणांना उलटी होते. बाईंनी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

त्यांनी खुर्ची ओढली आणि आजोबांच्या उशाशी बसल्या.

३

"गिअर बघायला गेलो होतो," आजोबा म्हणाले. त्यांच्या आवाजात अजून थरथर होती, पण गिअर म्हणताना डोळे चमकले. "पन्नास वर्षं मनगटाएवढी चाकं दुरुस्त केली. त्या रोपवेचं चाक माझ्या उंचीचं आहे. म्हटलं, एकदा हात लावून बघू. बाहेर पडतो तर ढग खाली उतरला. वर दिवा दिसला की त्या दिशेनं चालायचं, असं ताईंनी सांगितलं होतं. दिवा दिसलाच नाही."

ताईंनी मान फिरवली.

"आणि बिल्ला?"

"माझ्याकडे आहे की." आजोबांनी अंगावरच्या निळ्या कोटाच्या खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "होता. मी टाकला होता."

"ह्याच कोटात?"

निवाऱ्याच्या पडवीत पाच निळे कोट टांगलेले असत, सगळे एकसारखे, कोणीही कुठलाही घालावा.

आजोबा आठवत राहिले. "आधी दुसरा घातला होता. त्याची चेन मध्येच अडकली. घड्याळजी असूनही मला ती सुटेना, मग काढला आणि हा चढवला."

बाईंनी टाळी वाजवली नाही एवढंच. बिल्ला पहिल्या कोटात राहिला. नंतर तो कोट कोणीतरी घातला, खिशात बिल्ला सापडला आणि त्या माणसानं तो निमूटपणे खिळ्याला टांगला.

"काल संध्याकाळी बाहेर कोण गेलं होतं?"

"मी," फोटोग्राफर म्हणाला. हा दातांच्या डॉक्टरचा मेव्हणा. "पण माझा बिल्ला घेऊन, माझ्याच जाकिटात. सहाला परत आलो."

"हा सूर्यास्ताचे फोटो काढतो," डॉक्टर म्हणाला. "आमच्या लग्नात पण सूर्यास्ताचेच काढले. बायको एकाही फोटोत नाही."

"तुझी बायको माझी बहीण आहे. तिनंच सांगितलं होतं, तू ज्यात आहेस ते फोटो नकोत."

"भांडणं खाली गेल्यावर," बाई म्हणाल्या. "कॅमेरा दाखवा."

चौदा फोटो ढगांचे होते. पंधराव्यात, कडेला, दगडांच्या राशीपाशी एक माणूस पाठमोरा उभा होता. अंगात निळा कोट. वेळ पाच वाजून पन्नास मिनिटं.

"हे आजोबाच की," फोटोग्राफर म्हणाला.

"मी त्या बाजूला गेलोच नाही," आजोबा पडल्या पडल्या म्हणाले. "तेव्हा मी शेडमध्ये होतो."

काल पाच पन्नासला फळीवर दोनच खिळे रिकामे होते. फोटोतला माणूस तिसरा होता.

४

बाईंच्या अंगात जुनं वारं शिरलं. हा क्षण त्यांना ओळखीचा होता. वर्ग शांत, पंखा थांबलेला, आणि कुठल्या बाकावर चिठ्ठी आहे ते त्यांना कळलेलं.

"बिल्ला न घेता कोणीतरी लपून बाहेर गेलं," त्या म्हणाल्या. "फोटोग्राफर कॅमेऱ्यामागे. आजोबा खाली. मी आणि डॉक्टर पाचपासून जेवणापर्यंत इथे टेबलाशी पत्ते खेळत होतो."

"आणि मी हरत होतो. साक्षीदार म्हणून सांगतो," डॉक्टर म्हणाला.

"माझी सून डोकं दुखतं म्हणून झोपली होती. मी स्वतः तिला पांघरूण घातलं. राहिलं कोण?"

सगळ्यांची नजर एकाच दिशेला वळली.

"स्वयंपाकघराला मागचं दार आहे," बाई म्हणाल्या. "ते उघडतं पडवीत. ताई, तुम्ही काहीतरी कामासाठी घटकाभर बाहेर गेलात. हाताला आला तो कोट घातला. परत येऊन खिशात तीन नंबर सापडला, तो टांगला, आणि मग स्वतःच फळी बघून दिवा बंद केलात. सकाळी आजोबा सापडल्यावर तुमच्या लक्षात आलं."

"आई," सून कोपऱ्यातून म्हणाली, "मला जरा—"

"तू थांब. तुझं डोकं दुखतंय, मध्ये बोलू नकोस."

सून पुन्हा भिंतीला टेकली.

ताई बाईंकडे बघत होत्या. रागानं नाही. कोणी परक्या भाषेत बोलावं तसं. "मी गेले असते तर सांगितलं नसतं का?"

"सांगायला लाज वाटते हो माणसाला," बाई म्हणाल्या. "सतरा वर्षं तेच बघत आलेय."

ताई उठल्या. वाटलं, सामान बांधायला निघाल्या. पण त्या पडवीत गेल्या आणि चार निळे कोट दोन्ही हातांत घेऊन आल्या. पाचवा आजोबांच्या अंगावर होता. चारही त्यांनी टेबलावर टाकले, त्यातला एक उचलला आणि हात बाहीत घातला.

बाही कोपरालाच अडली. पाणी आणि पीठ वाहून वाहून ताईंचे दंड आणि खांदे चांगले भरले होते. त्यांनी जोर लावला, तशी शिवण करकरली. दुसरा कोट. तिथेही कोपर. तिसरा. चौथा.

"अकरा वर्षांत एकही निळा कोट माझ्या अंगात शिरला नाही," ताई म्हणाल्या. "माझा तपकिरी आहे. भावाचा. तो दाराच्या खिळ्याला आहे, बघून घ्या. सगळं बघून घ्या."

कोपरापाशी अडकलेला तो चौथा कोट त्यांनी एकट्यानंच ओढून काढला; मदत करायलाही बाई उठू शकल्या नाहीत.

५

खोलीतली माणसं हळूहळू पांगली. डॉक्टर आजोबांच्या पायाकडे गेला, फोटोग्राफर पाणी तापवायला. बाई टेबलाशी एकट्या राहिल्या. समोर चार कोट.

आयुष्यात कधी चुकीच्या पोराला पकडलं नव्हतं असं नाही. पण तेव्हा कागद बदलून देता आला होता. भर माणसांत एका बाईला खोटी ठरवली, ते कुठल्या कागदानं बदलणार?

काहीतरी करायचं म्हणून त्या कोटांच्या घड्या घालू लागल्या. तिसऱ्याची चेन निम्म्यावर अडकलेली होती. हाच तो. बाईंनी तो उलटा केला.

आतल्या अस्तरावर, छातीच्या जागी, दोन डाग होते. गोल, बशीएवढे. एक डावीकडे, एक उजवीकडे. वाळून कडक झालेले, कडेला पांढुरके.

चहा सांडला असता तर एकीकडे सांडला असता. मेण असतं तर खरवडलं गेलं असतं. बाईंनी डागावर अंगठा फिरवला आणि कोट नाकाशी नेला. आंबूस, गोडसर. अडतीस वर्षांपूर्वीचा वास. वर्गात फळ्यावर लिहिताना, शेजारच्या घरातलं कुठलंतरी परकं पोर रडलं, की बाईंचाही पदर असाच भिजे, आणि त्या पोरांकडे पाठ करून तास संपायची वाट बघत.

शेगडीवर दोरीला स्वेटर वाळत होता. उलटीनं गळा भिजतो. छाती नाही.

बाईंनी मान वर केली. सून दारात उभी होती आणि त्यांच्याकडेच बघत होती. सकाळपासून ती त्यांच्याकडेच बघत होती.

६

दोघी पडवीत गेल्या. बाईंनी दार लोटून घेतलं.

"कितीला केलास फोन?" त्यांनी विचारलं.

"पावणेसहाला. दगडांच्या राशीपाशी रेंज येते असं आजोबाच म्हणाले होते." सून भिंतीकडे बघून बोलत होती. "मागच्या दारानं गेले. बिल्ला नेला असता तर माझा पाच नंबरचा खिळा रिकामा दिसला असता. तुम्ही फळीसमोरच बसला होता. वाटलं, ऐकून लगेच येईन. तर तो रडतच होता, आई. थांबतच नव्हता. ह्यांनी फोन त्याच्या तोंडाशी धरला, आणि माझं सगळं... स्वेटर, कोट, सगळं भिजलं. मी पळत आत आले. खिशात फोन टाकायला गेले तर बिल्ला लागला."

"मग?"

"वाटलं, आजोबा टांगायला विसरले. ताई ओरडतील त्यांना. तुम्ही पत्ते वाटत होता, मी मागून गेले आणि टांगला. चांगलं काम केलं असंच वाटलं मला." तिनं नाक पुसलं. "सकाळी सांगणार होते. मग तुम्ही म्हणालात, लपून कोण गेलं. मला तोंडच उघडेना. आणि ताईंवर आलं तेव्हा उघडलं, तर..."

तर बाईंनी ते मिटवलं होतं.

खालच्या वळणावर माणसं दिसू लागली. चार जण, खांद्यावर स्ट्रेचर. अर्ध्या तासाची वाट.

पडवीच्या उंबऱ्याशी स्वच्छ बर्फ साचलेला होता. ओंजळभर घेऊन अस्तरावर चोळला असता तर डाग निघून गेले असते. बाईंना ते दिसलं. किती आयांनी त्यांच्या पाया पडून म्हटलं होतं, बाई, एवढा एक डाव ही चिठ्ठी फाडून टाका, पोरीचं वर्ष जाईल. त्या आयांकडे बाईंनी कधी धड बघितलंही नव्हतं. आता हात बर्फाकडे जात होता आणि तो आपलाच आहे हे त्यांना कळत होतं.

त्यांनी हात शालीत घेतला.

"मीच सांगते," सून म्हणाली. "तुम्ही फक्त मध्ये बोलू नका."

७

सचिव धापा टाकत आले, आणि किल्ल्यांसाठी हात पुढे करणार, तेवढ्यात सुनेनं सगळं सांगितलं. कोट, फोन, बिल्ला. डाग दाखवायची वेळ आली तेव्हा तिनं कोट उघडला आणि नजर खाली घातली. फोटोग्राफर खिडकीबाहेर बघू लागला. डॉक्टरला काल आपण का हसलो ते आठवलं असावं. त्याने चष्मा काढला आणि पुसत राहिला.

"पण लपून का?" सचिवांनी विचारलं. "बिल्ला घेऊन राजरोस जायचं. आईनं लेकराला फोन करायला कोण नाही म्हणतंय?"

सुनेनं कोट मिटला. "कोणी नाही. मलाच राहवलं नाही. माझीच चूक."

तेवढ्यावर ते मिटलं असतं. सचिव वहीत लिहूही लागले होते. कालची ती वाक्यं ऐकलेले सगळे खोलीत होते, आणि एकही जण बोलला नाही. सगळे बाईंना वाचवत होते. ज्यांना त्यांनी खोटं ठरवलं त्या ताईसुद्धा.

बाईंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्या उभ्या राहिल्या. एका हातानं टेबल धरलं.

"मी नाही म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांदेखत. माया नाही, चाळा आहे म्हणाले. तिला चोरून जावं लागलं ते माझ्या तोंडामुळे. आणि ताईंना मी खोटी म्हणाले. पुरावा नव्हता. सून माझी म्हणून तिला विचारलं नाही, आणि ताई कोणाच्याच नाहीत म्हणून त्यांच्यावर ढकललं. लिहा."

"काकू, हे सगळं वहीत कशाला—"

"लिहा."

सचिवांनी लिहिलं. किल्ल्या ताईंकडेच राहिल्या. साडेसहाला बिल्ल्यांबरोबर डोकीही मोजायची, असा एक नियम वाढला. तो ताईंनीच सुचवला.

स्ट्रेचर उचलताना सून आजोबांजवळ गेली. तिनं त्यांच्या पांघरुणाची कड नीट केली.

"थांबलं का मग रडायचं?" आजोबांनी विचारलं.

"कोण?"

"बाळ."

"माहीत नाही. फोन कट झाला."

आजोबांची एक-दोन बोटं बहुधा जाणार होती आणि डॉक्टरनं ते त्यांना सांगितलं होतं. "मग आधी ते विचार," ते म्हणाले. "माझं नंतर."

बाई ताईंपाशी गेल्या, हात जोडले. ताईंनी ते जोडलेले हात खाली केले, पण हसल्या नाहीत. "सगळ्यांसमोर बोललात, सगळ्यांसमोर मागे घेतलंत. बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पण मी विसरेन असं नाही हं, बाई. खोटं कशाला बोलू?"

"नका विसरू," बाई म्हणाल्या.

उतरताना सून पुढे होती, बाई दहा पावलं मागे. एरवी त्या पुढे असत आणि वर "चला चला" करत. आज ते दहा पावलांचं अंतर त्यांनी एकदाही कमी केलं नाही.

तिसऱ्या वळणावर सुनेचा फोन वाजला. ती थांबली. मागे वळून तिनं बाईंकडे पाहिलं नाही, फोन कानाला लावला. वारा वर वाहत होता आणि त्याच्याबरोबर एक बारीक किरकिर बाईंपर्यंत आली, मग सुनेचा वेगळाच, हलका, बोबडा आवाज.

बाई जागच्या जागी थांबल्या. दरीकडे तोंड केलं, लोकरीची टोपी दोन्ही हातांनी कानांवर ओढून घेतली, आणि तशाच उभ्या राहिल्या, सुनेचं बोलून होईपर्यंत.